आडवा हात

मराठीत ‘आडवा हात मारणे’ म्हणजे तुडुंब जेवणे. आमच्या जाधव मॅडमचा आडवा हात बरोब्बर उलट्या कामाचा होता. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असो, कुणाच्या घरचं बारसं असो, वाढणारा दुसऱ्यांदा जवळ आला की मॅडम ताटावर पालथा पंजा आडवा धरायच्या आणि म्हणायच्या, "पुरे." आपल्याकडे पाहुणा तीनदा नको म्हणतो आणि चौथ्यांदा वाढून घेतो; वाढणाऱ्यालाही ते माहीत असतं आणि पाहुण्यालाही. मॅडमचं पहिलं ‘पुरे’ तेच शेवटचं. त्यात लाजणं नव्हतं, आग्रहाची वाट बघणं नव्हतं. आमचे मालक दळवी साहेब, त्यांच्या बायकोने एकदा स्वतः जिलबीचं ताट घेऊन आग्रह केला, तेव्हाही तो पंजा हलला नाही. पाक मॅडमच्या बोटांवर ठिबकला आणि त्या शांतपणे हात धुवायला उठल्या.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. त्यात एवढंच, की या बाईचं काम पर्यटनाचं नियोजन करणं हे होतं, आणि त्या धंद्यात ‘पुरे’ हा शब्दच नाही. ‘अजून’ आहे, ‘आणखी’ आहे, ‘टप्पा दोन’ आहे. तिथे ‘पुरे’ म्हणणारं माणूस म्हणजे शुभकार्याला निघताना शिंकणारं माणूस. तोंडावर सगळे हसतात आणि मनातून चरफडतात. मी त्यांच्या बाजूच्या टेबलावर बसून हे बरीच वर्षं बघितलं. आता त्या इथे नसतात, तळकोकणात एका गावाच्या कामाला गेल्यात. मी आज लिहायला बसलोय आणि माझं डोकं अजून तापलेलंच आहे. ते थंड होऊ द्यायचा माझा विचारही नाही.

आमचं ऑफिस घोडबंदर रोडला, काचेच्या एका इमारतीत. तलावांचे, बागांचे, पर्यटनस्थळांचे आराखडे करून देणारी सल्लागार कंपनी. मी नकाशे काढतो. राहतो मानपाड्याला, म्हणजे डोंबिवलीच्या. ठाण्यातही एक मानपाडा आहे, तो ऑफिसच्या उशाशीच, त्यामुळे नवीन आलेली एचआरवाली पोरगी मला दर वेळी विचारते, तुम्हाला इतका उशीर होतोच कसा. रोज त्या रस्त्यावर गाड्या एकमेकींच्या मागे नाक लावून उभ्या. एखाद्या जागेत किती माणूस मावतं याची अक्कल निदान घोडबंदर रोडवर अडकणाऱ्याला तरी यायला हवी. येत नाही. तीच माणसं ऑफिसात पोचतात, तोंडावर पाणी मारतात आणि कुठल्याशा डोंगरावर आणखी हजार गाड्यांचं पार्किंग काढायला बसतात.

मॅडम कल्याणजवळच्या मोहन्याच्या. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात. चाळीत बालपण, विहाराच्या अभ्यासिकेत बसून शाळा-कॉलेज, मग नियोजनाची पदवी. चणीने लहान, केस मानेवर आखूड कापलेले, अंगात सुती कुर्ता आणि खांद्याला एक मोठी पिशवी. त्या पिशवीत लॅपटॉपच्या शेजारी रबरी चपला असायच्या, कारण जागेच्या चिखलात स्वतः उतरल्याशिवाय आराखड्याची एक ओळ लिहायची नाही हा त्यांचा नेम. राग कायम नाकावर. पण रागावल्या की आवाज चढायचा नाही, फक्त ‘तुम्ही’चं ‘आपण’ व्हायचं. "आपण हे वाचलंय का?" असं मॅडमनी विचारलं की समोरचा रुमाल शोधायला लागायचा. मला त्या अरे-तुरे करायच्या, त्यामुळे मी निर्धास्त असायचो.

वडिलांचं एक वाक्य त्या नेहमी सांगायच्या. कारखाना बंद पडल्यावर चाळीतली बिऱ्हाडं एकेक करून उठायला लागली, तेव्हा ते म्हणालेले, "माणसं येतात तेव्हा राहणार कुठे हे कोणी विचारत नाही, आणि जातात तेव्हा खाणार काय हे कोणी विचारत नाही." माझं सगळं शिक्षण म्हणजे या एका वाक्याला केलेलं प्लास्टर, असं मॅडम म्हणायच्या.

म्हणून त्या विचारायच्या. धबधबा असो, किल्ला असो, देवस्थान असो, गाडीतून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, इथे संडास कुठे आहे आणि त्याचं पाणी कुठे जातं. सरपंच हार घेऊन उभे असायचे, कोणीतरी नारळ फोडायच्या तयारीत असायचं, आणि या बाई संडासाच्या मागे जाऊन वाकून बघतायत. ऑफिसातली पोरं मागून त्यांना ‘संडास मॅडम’ म्हणायची. कळलं त्यांना. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, नाव वाईट नाही, माणूस निसर्ग बघायला येतो तेव्हा पोट काही घरी ठेवून येत नाही.

दुसरा त्यांचा हाडवैरी म्हणजे ‘सुशोभीकरण’ हा शब्द. ठाण्यात राहून या शब्दाशी वैर धरणं म्हणजे रोज भांडणाची सोय. आमच्याकडे एकदा एका तळ्याचं काम आलं. नाचणारी कारंजी, रंगीत दिवे, चारी बाजूंनी फरशी आणि मधोमध तरंगतं हॉटेल. बैठकीत सगळे माना डोलवत होते. मॅडमनी एवढंच विचारलं, की या तळ्यात सध्या कोण राहतं. कोणाला कळेना. कोणीतरी म्हणालं, तळ्यात कोण राहणार, बाजूला सोसायट्या आहेत. मग मॅडमनी मासे, कासवं, पाणकावळे अशी यादी म्हणून दाखवली आणि विचारलं, "यांच्यापैकी कोणी आपल्याकडे कारंजं मागितलंय का?" दळवी साहेबांनी घाईघाईने चहा मागवला. परत येताना मॅडम गाडीत धुमसत होत्या. तळं काय लग्नाचं आहे का, म्हणाल्या, उठलं की नटवायला. पुढे ते सुशोभीकरण झालंच. कारंजी उद्घाटनाच्या दिवशी नाचली, मग बंद पडली. कासवं तेव्हापासून कोणी बघितलेली नाहीत.

आता त्या गावाबद्दल. खाडीच्या काठचं गाव आहे, आपल्याच भागातलं. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तुम्ही सहकुटुंब तिथे हजर व्हाल, वर मलाच फोन करून विचाराल की गाडी कुठे लावायची.

गावात जुनी मासेमारी करणारी घरं, काठाला तिवरांची दाट झाडी, आणि त्या झाडीतून खाली चिखलात उतरणारी एक वाट. दगड टाकून टाकून गावातल्या बायकांनीच पिढ्यान्‌पिढ्या पक्की केलेली. ओहोटी लागली की बायका टोपल्या घेऊन त्या वाटेने उतरायच्या आणि गुडघाभर चिखलातून निवट्यांसारखे चिखलातले मासे, कालवं, चिंबोऱ्या काढून आणायच्या. तेच घरात शिजायचं, उरलेलं बाजारात जायचं. समोरच्या चिखलपट्ट्यावर हिवाळ्यात फ्लेमिंगो यायचे. ते काही नवीन नव्हतं. नवीन हे होतं की कोणीतरी त्यांचा व्हिडिओ टाकला. झालं. रविवारी गाड्या यायला लागल्या, आणि मग भाऊंच्या मनात आलं की इथे पर्यटन केंद्र व्हावं. भाऊ म्हणजे त्या भागाचे पुढारी. नाव सोडा, कुठल्याही चौकातल्या फ्लेक्सवर बघा. त्यांच्या समितीने आराखड्याचं काम आमच्याकडे दिलं, आणि दळवी साहेबांनी ते मॅडमच्या गळ्यात घातलं.

मॅडम त्या गावात जाऊन राहिल्याच म्हणा ना. सुट्टीच्या दिवशी, आडवारी, भरतीला, ओहोटीला. तिथे त्यांना हिराबाय भेटल्या. साठी उलटलेल्या, नाकात मोठी नथ, पायांची चामडी खाऱ्या पाण्याने पांढरी पडलेली, आणि तोंड असं की भल्याभल्यांनी वाट बदलावी. पहिल्या दिवशी त्यांनी मॅडमना विचारलं, की तू मोजायला आलीस की बघायला. मॅडम म्हणाल्या, मोजायला. मग बरं, हिराबाय म्हणाल्या, बघनारे लई झाले.

मॅडमचा आडवा हात हरलेला मी एकदाच बघितला, तो हिराबायच्या घरी. आम्ही नकाशासाठी वाट मोजून परत आलो होतो, पायाला चिखल, पोटात कावळे. हिराबायने तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण वाढलं. मॅडमनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी दिसताच सवयीने पंजा ताटावर आडवा धरला. म्हणाल्या, "पुरे." हिराबायने एक क्षण बघितलं आणि तव्यावरची गरम भाकरी सरळ त्या हातावरच ठेवली. "हात खाईल आता," म्हणाल्या. मॅडमनी चटका बसून हात ओढला, भाकरी ताटात पडली, आणि आख्खं घर हसायला लागलं. मॅडमना मी एवढं मोकळं हसताना आधी कधी बघितलं नव्हतं. आणि ती तिसरी भाकरी त्यांनी खाल्ली. दळवी वहिनींना हे कळलं असतं तर त्यांनी ऑफिसात तवा आणून ठेवला असता.

जेवण झाल्यावर ओसरीवर बसून मॅडमनी हिराबायना खरा प्रश्न विचारला. बाहेरची किती माणसं आली तर गावाला चालेल. हिराबाय म्हणाल्या, पाहुना किती जेवतो ते पाहुन्याला इचारू नये, चुलीला इचारावं. परतीच्या रस्त्यात साकेतच्या पुलावर आमची गाडी अडकली तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "बघ रे, जागा किती माणसं पेलते, याला आमच्या शास्त्रात वहनक्षमता म्हणतात. त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत, आणि बाईने चूल म्हणून विषय संपवला." पुस्तकं चुकीची नव्हती हो, मॅडमना त्यातलं सगळं येत होतं. पण पुस्तक आणि चूल एकच सांगतायत, याचा त्यांना फार आनंद झालेला.

त्यावरून त्यांनी जो आराखडा केला तो मी आजवर काढलेल्या नकाशांमधला सगळ्यात साधा. काँक्रीट नाही. धक्का जुना आहे तोच दुरुस्त करायचा. गावातल्याच दोन होड्या, गावातलीच पोरं चालवणार. गाड्या गावाबाहेर. दिवसाला अमुक इतकी माणसं, त्यापुढे एकही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, जो त्यांनी हिराबायच्या ओसरीवर बसून लिहिला: ‘ओहोटी गावाची, भरती पाहुण्यांची.’ ओहोटीच्या वेळी वाट फक्त बायकांची. पाणी भरलं की मग होड्या आणि पाहुणे. दोघांचं वेळापत्रक खाडीनेच आखून दिलेलं, आपण फक्त मान द्यायचा. नकाशावर ती वाट मला त्यांनी हिरव्या रंगात काढायला लावली आणि बाजूला ‘गावाची वाट’ असं लिहायला लावलं. मी म्हटलं, नकाशाच्या भाषेत याला पदपथ म्हणतात. त्या म्हणाल्या, पदपथ पालिकेचा असतो, ही गावाची आहे, लिही.

आणि मग दळवी साहेबांनी त्यांचं काम केलं. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळा अहवाल ‘सोपा’ केला. मॅडमनी लिहिलेलं ‘कमाल वहनक्षमता’. साहेब म्हणाले, काय हो हे शब्द, भाऊंना कळायला नको का. त्यांनी ‘कमाल’ उडवला, ‘वहन’ उडवला, आणि पडद्यावर ठळक अक्षरांत आलं: ‘गावाची पर्यटन क्षमता’, आणि पुढे मॅडमचा आकडा. आता तुम्हीच सांगा, मराठी माणूस ‘क्षमता’ कशाला म्हणतो. या पोरात क्षमता आहे, म्हणजे पोरगं पुढे जाणार, त्याला क्लास लावा. दोन शब्द खोडले आणि कुंपणाचा दरवाजा झाला.

भाऊंनी तो आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. म्हणजे आपल्या गावात एवढी क्षमता होती, म्हणाले, आणि आजपर्यंत कोणी वापरलीच नाही? सभागृहात टाळ्या. ही पूर्ण क्षमता वर्षाच्या आत गाठायची, म्हणाले, आणि मग दुप्पट करायची. परत टाळ्या. दळवी साहेबही वाजवत होते. मी मॅडमकडे बघितलं. त्या उभ्या राहिलेल्या.

"आपण चुकीचं वाचताय," मॅडम म्हणाल्या. "तो आकडा गाठायचा नाहीये, तिथे थांबायचंय. लिफ्टमध्ये क्षमता आठ माणसं असं लिहिलेलं असतं. म्हणजे आठ जण गोळा करून आणा असं नाही. नववा आला तर दोर तुटेल, असं."

भाऊ हसले. वाईट हसले नाहीत, अगदी घरच्यासारखे हसले. तेच जास्त लागतं. "मॅडम," ते म्हणाले, "लिफ्ट लहान पडली तर आपण दुसरी लावू की."

"आणि खाडी? ती दुसरी कुठून लावणार आपण?"

तेवढ्यात बटाटेवड्यांच्या बशा आल्या, खुर्च्या सरकल्या, आणि विषय वड्यांखाली गेला. एका कार्यकर्त्याने मॅडमसमोरही बशी धरली. त्यांनी पंजा आडवा धरला. त्या मुलाला वाटलं बाई उपवासाच्या आहेत.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावून धंद्याचं ज्ञान दिलं. काचेची केबिन, सगळं ऐकू येत होतं. क्लायंटला नाही म्हणायचं नसतं, ‘टप्पा दोनमध्ये विचार करू’ असं म्हणायचं असतं. शिवाय ते ओहोटी-भरतीचं वाक्य फार काव्यात्मक आहे, ते काढून टाकू. मॅडमनी विचारलं, "ओहोटीला बायका कुठून उतरणार?" साहेब म्हणाले, त्याची काहीतरी पर्यायी व्यवस्था होईल. हे ‘काहीतरी’ मी आमच्या ऑफिसात इतक्यांदा ऐकलंय की त्याचा आता मला वास येतो. मॅडम बाहेर आल्या, पिशवी उचलली, माझ्या टेबलापाशी थांबल्या. त्या वाटेच्या नकाशाची एक प्रत जपून ठेव, म्हणाल्या. मग गेल्या त्या गेल्याच, परत त्या ऑफिसची पायरी चढल्या नाहीत. निरोप समारंभ नाही, केक नाही. साहेबांनी नंतर सगळ्यांना सांगितलं की मॅडमनी वैयक्तिक कारणाने नोकरी सोडली. खाडी वैयक्तिक कारण असते हे मला तेव्हा कळलं.

मग काम सुरू झालं. तिवरं ‘वाऱ्याने पडली’. वारासुद्धा काय शहाणा, बरोब्बर पक्षी बघायच्या नव्या गॅलरीच्या जागेवरचीच पाडली. काँक्रीटचा धक्का आला, पेव्हर ब्लॉक आले, स्टीलचं रेलिंग आलं, रंग बदलणारे दिवे आले. ‘आय लव्ह’ म्हणून पुढे लाल बदाम आणि गावाचं नाव, माणसाच्या उंचीची अक्षरं. ज्यांचं त्या गावावर खरंच प्रेम होतं त्यांना ते कधी लिहावंसं वाटलं नव्हतं. प्रवेशद्वारावर एका पायावर उभे असलेले सिमेंटचे गुलाबी फ्लेमिंगो. होड्या दोनाच्या किती झाल्या ते मी मोजलं नाही, पण डिझेलचा वास रस्त्यापर्यंत यायचा. खरे पक्षी पलीकडे दूर सरकले. सिमेंटचे बिचारे कुठे जाणार. आणि बायकांची वाट? तिचं तोंड नेमकं गेटच्या आत आलं. सुरुवातीला तिथला सुरक्षारक्षक बायकांना ओळखीने सोडायचा. ही झाली पर्यायी व्यवस्था.

पुढचं हिराबायने मला सांगितलं. एका रविवारी गर्दीत रेटारेटी झाली, रेलिंगचा एक भाग निखळला, दोघं-तिघं चिखलात पडले. कोणाला काही झालं नाही, पण व्हिडिओ सगळीकडे फिरला. वरून विचारणा झाली. तेव्हा समितीतल्या कोणीतरी आमचा जुना अहवाल झटकून काढला आणि त्यात त्यांना अचानक क्षमतेचा आकडा सापडला. आता त्याचा खरा अर्थही कळला. अंगाशी आलं की मराठी बरोबर समजतं. दारावर टकटक माणसं मोजणारं यंत्र घेऊन नवीन माणूस बसवला आणि बोर्ड रंगवला: ‘आजची क्षमता पूर्ण झाली आहे. प्रवेश बंद.’ एवढ्या मोठ्या अहवालातलं एकच वाक्य अमलात आलं. ओहोटी गावाची हे वाक्य तर साहेबांनी आधीच काव्य म्हणून काढून टाकलेलं. त्यामुळे त्या नवीन माणसाला गावाची बाई आणि पुण्याचा पाहुणा सारखाच. गेटमधून गेला की एक टक.

मॅडमचा फोन आला तो त्यानंतर. रविवारी ये, आणि तो नकाशा घेऊन ये, एवढंच म्हणाल्या. मी गेलो. बाईक गावाबाहेरच लावावी लागली, आतमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टळटळीत ऊन, पोरांचे सेल्फी, कोणाच्या तरी स्पीकरवर गाणी. खाली ओहोटी पूर्ण लागलेली, चिखल उघडा पडून चमकत होता. आणि गेटबाहेर हिराबाय आणि आणखी काही बायका रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या. बोर्ड लागलेला होता.

मॅडम तिथे आधीच पोचल्या होत्या. केस बरेच पांढरे झालेले, पिशवी तीच. त्या रक्षकाला समजावत होत्या, आणि ‘आपण’ म्हणत होत्या. तो बिचारा कुठल्यातरी दूरच्या जिल्ह्यातून आलेला, त्याला ना खाडी माहीत ना ओहोटी. नियम आहे, वरून आलाय, हीच त्याची दोन वाक्यं. मी नकाशा पसरला, हिरवी वाट दाखवली, ‘गावाची वाट’ हे शब्द बोट ठेवून वाचून दाखवले. त्याने मोबाईल काढून बघितलं. इथे तर असा काही रस्ता दिसत नाही साहेब, म्हणाला.

हिराबाय पुढे झाल्या. "अरे पोरा, आमी काय खाडी बगाला आलोय का?"

"मावशी, क्षमता पूर्ण झाली. उद्या या ना."

"उद्याची ओहोटी उद्या," हिराबाय म्हणाल्या. "आजची कोन देनार?"

मॅडम तेव्हा त्या बोर्डाकडे बघत होत्या. मी त्यांना पुष्कळदा रागावलेलं बघितलंय, पण तो चेहरा वेगळा होता. ज्या आकड्यासाठी त्यांनी नोकरी सोडली, जो कोणी ऐकला नाही, तो अखेर कोणीतरी ऐकला होता, आणि त्याने नेमकं हिराबायना बाहेर उभं केलं होतं. आत आइस्क्रीमवाला होता. आत सिमेंटचे फ्लेमिंगो होते. ज्यांनी ती वाट दगड टाकून केली त्या बाहेर. मला तर त्या क्षणी ते यंत्र हिसकावून खाडीत फेकावं असं झालेलं.

"हा शब्द माझा आहे," मॅडम त्या रक्षकाला म्हणाल्या. "तो मी लिहिलाय."

तो खरंच आदराने म्हणाला, "मग तर तुम्हाला नियम माहीतच असेल, मॅडम."

मग हिराबायने टोपली कमरेवर घेतली आणि मॅडमच्या दंडाला धरलं. "चल गो बाय," म्हणाल्या, "ओहोटी काय आपल्यासाठी थांबनार हाय?"

गेटच्या डाव्या अंगाला, जिथे ती तिवरं वाऱ्याने पडली होती, तिथे रेलिंगच्या खाली माणूस वाकून जाईल एवढी फट होती. हिराबाय आधी गेल्या. मग एकेक करून बाकीच्या बायका, टोपल्या पुढे सरकवत. शेवटी मॅडम. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. रबरी चपलासुद्धा काढल्या नाहीत तिच्यातून. पायातलेच सँडल काढून हातात धरले, सलवार गुडघ्यापर्यंत वर दुमडली आणि वाकून पलीकडे गेल्या.

बोर्ड अजून तिथेच आहे. बायका अजून त्याच फटीतून उतरतात, आपल्याच वाटेवर, चोरासारख्या. मॅडम पुढच्याच महिन्यात तळकोकणात गेल्या. फोन होतो अधूनमधून. तिथेही रोज भांडणं चालू आहेत, आवाजावरून तब्येत बरी वाटते. पण डोळ्यांसमोर येतात त्या कायम त्या दुपारच्या.

चिखलात पोटरीपर्यंत पाय रुतत होते, दर पावलाला त्या डगमगत होत्या, हिराबाय पुढून काहीतरी ओरडून सांगत होत्या की पाय कुठे टाक. गॅलरीतली पोरं मोबाईल रोखून त्यांचा व्हिडिओ काढत होती. मागून रक्षकाने शिट्टी मारली. परत मारली. मग तो रेलिंगवरून वाकून ओरडला, "मॅडम, क्षमता पूर्ण आहे, मागे या." मॅडमनी वळून बघितलं नाही. सँडल डाव्या हातात घेतले आणि उजवा हात मागे केला, पालथा, आडवा, ताटावर धरतात तसा.